पहारीला लावलेला कान

आप्पा, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी झाले आहे. गुडघे दुखतात, चष्मा सापडत नाही, आणि निवृत्त होऊनही लोक अधूनमधून बोलावतात, दुसऱ्या ग्रहांच्या पोटात काय असेल ते विचारायला. माझं काम तुम्हाला नीट समजावून सांगायचं राहूनच गेलं. पाव्हण्यांना तुम्ही ‘पोरगी चंद्राचे नकाशे काढती’ एवढंच सांगायचात आणि पुढं कुणी काही विचारायच्या आत आईला चहा टाकायला लावायचात. ते चूक नव्हतं. पण त्या कामाची सुरुवात जिथं झाली, त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. म्हणून आज लिहायला बसले.

त्र्याहत्तरचा तो उन्हाळा. आदल्या साली पाऊस झालाच नव्हता. कर्जत तालुक्यातल्या विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि जो तो आपली विहीर आणखी खोल न्यायच्या मागं होता. तुम्ही सुरुंग लावणारे, त्यामुळे पार श्रीगोंद्यापासून बोलावणी यायची. मी नगरला बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन सुट्टीला घरी आले होते. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, की चंद्रावर गेलेल्या माणसांनी तिथं सुरुंग ठेवले, ती माणसं निघाल्यावर ते उडवले, आणि जमीन कशी हादरली त्यावरून खाली कसला दगड आहे ते ताडलं. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही वात कापत होतात. हात थांबवून म्हणालात, “तिथं बी विहिरी खंदायला लागले का काय?” आणि तुमच्या पाठचे भाऊ, आमचे तात्या, हसता हसता खाटेवर आडवेच झाले.

त्या दिवशी मी तुम्हा दोघांची भाकरी घेऊन विहिरीवर आले. आल्या आल्याच कळतं की काहीतरी बिनसलंय. दगड वर ओढायची यारी थांबलेली आहे, माणसं काठावर ओणवी झालेली आहेत, आणि तुम्ही एकटेच खाली, दगडांच्या ढिगावर उभे राहून तात्यांच्या नावानं ओरडताय. सकाळी सुरुंग उडाल्यावर तात्या आत गेले होते. झरा शोधायला विहिरीच्या तळाशी दोन आडवे बोगदे काढलेले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. सुट्टे झालेले दगड पाडत तात्या या बोगद्यातून त्या बोगद्यात फिरत होते, तेवढ्यात वरची दरड सुटली. दोन्ही तोंडं बुजली. तात्या कुठल्या बोगद्यात आहेत, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. यारीनं दगड वर ओढत बसायला वेळ नव्हता आणि तळात जागा एवढीशी, की एका बाजूचा दगड काढून दुसऱ्या बाजूलाच टाकावा लागणार. म्हणजे एक तोंड मोकळं करायचं तर दुसरं आणखी बुजवायचं. आणि आत हवा किती उरली असेल, ते कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

मी वरून ओरडले, “आप्पा, पहार दगडाला टेकवा आन् दुसरं टोक कानाला लावा! आवाज दगडातनं येतो!” तुम्ही तसं केलंत. पण तुमच्या कानांत जन्मभराच्या सुरुंगांचा घण घण भरलेला. तुम्ही मान हलवलीत आणि वर बघितलंत. ती नजर मला अजून दिसते. म्हणालात, “मला न्हाई ऐकू येत. तूच ये खाली.” काठावरचा एक म्हातारा म्हणाला, “अहो, पोरीला कुठं उतरवताय? दरड अजून हालतीय.” तुम्ही पाटी खाली सोडायची खूण केलीत. मी यारीच्या पाटीत बसले आणि दोर सुटायला लागला. वरून बारीक खडे पडत होते. अर्ध्यावर आल्यावर मी डोळे मिटून घेतले.

खाली कान लावला तर नुसती धडधड. शेजारच्या विहिरीवर ऑइल इंजिन चालू होतं. कुणीतरी पळत गेलं. शेजारी तयार होईना, दिवसभरात तेवढंच पाणी साठायचं त्याच्याकडं आणि बैलं तहानलेली. मग काय झालं कुणास ठाऊक, इंजिन बंद पडलं. तुम्ही वर हात केलात आणि सगळे गप्प झाले. इतकी शांतता त्या रानात मी कधी ऐकली नव्हती. पहारीचं गार टोक माझ्या कानाच्या हाडावर टेकलेलं. पूर्वेला काही नाही. पश्चिमेला काही नाही. पुन्हा पूर्वेला. आणि मग अगदी पुसट, कुणीतरी झोपेत दारावर बोट वाजवावं तसं, टक. जरा थांबून पुन्हा टक. तात्या घणानं दगड ठोकत होते. जिवंत होते. पण आवाज दोन्हीकडं येत होता, कारण सगळा खडक एकच. पश्चिमेला मला तो थोडा अधिक खणखणीत वाटला. पूर्वेला बोदा. मी ताडकन उठून ओरडले, “पश्चिमेला! नक्की पश्चिमेला!”

काठावरची माणसं उतरायला निघालीसुद्धा. पण तुम्ही माझं मनगट धरलंत, दुखेल इतकं. “नक्की म्हनलीस. नक्की हाय का?”

मी म्हणाले, “नाही. पण तिकडं जास्त वाटतंय.”

“मंग तसं सांग. खात्री नसताना खात्रीचा आवाज काढू नगं. तुझ्या आवाजावर मी भावाच्या अंगावर दगड टाकनार हाय.” मनगट सोडलंत आणि अगदी हळू म्हणालात, “तू काय ऐकलं ते सांग. ठरवायचं मी.”

मी पुन्हा कान लावला. जे ऐकलं ते सांगितलं: पश्चिमेला स्पष्ट, पूर्वेला बोदा, पण फरक थोडा, आणि पूर्वेचा खडक फुटका असेल तर तो आवाज गिळत असेल, म्हणून मी फसूही शकते. तुम्ही ऐकून घेतलंत. एकदा पूर्वेच्या ढिगाकडं पाहिलंत. मग पहिला धोंडा पश्चिमेचा उचललात आणि स्वतःच्या हातानं पूर्वेच्या तोंडावर टाकलात. नंतरचे ते तास मला सलग आठवत नाहीत. मध्येच टकटक थांबली. मी तुम्हाला सांगितलं नाही, पण तुम्हाला माझ्या चेहऱ्यावरून कळलं आणि तुम्ही आणखी जोरात दगड उपसायला लागलात. ऊन विहिरीच्या काठावरून सरकून गेलं तेव्हा पश्चिमेच्या भोकातून आधी धूळ आली, मग खोकला. तात्यांचा तो खोकला ऐकून वर कुणीतरी मोठ्यानं रडलं. त्यांचा पाय गुडघ्याखाली चेचला होता. ते पुन्हा विहिरीत उतरले नाहीत. एसटी स्टँडवर चहा विकत, लंगडत का होईना, तुमच्यापेक्षा जास्त जगले.

घरी चुलीपुढं बसलो तेव्हा तुमच्या हातांनी भाकरीचा तुकडा मोडेना. आईनं तुमची भाकरी कुस्करून दिली. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, “पुन्यात शिकत्यात का हे, जमिनीचं ऐकायचं? मंग जा.” बस, एवढंच. पावसाळ्यात तुम्ही माझी ट्रंक खांद्यावर घेऊन एसटीत चढवलीत.

पुढं परदेशात मी जे केलं ते याच जातीचं. चंद्राभोवती फिरणारं यान एखाद्या जड खडकावरून गेलं की कणभर जास्त ओढलं जातं. त्या ओढीवरून आम्ही खालच्या खडकाचा नकाशा काढायचो. कान नव्हता लावता येत, पण काम तेच: जिथं कुणी उतरू शकत नाही तिथलं वरून ताडायचं. मंगळावरच्या हादऱ्यांवरही काम केलं. तिथं तर हादरे ऐकणारं यंत्र एकच, म्हणजे सगळ्या ग्रहाला एकच पहार आणि एकच कान.

मग एक बैठक आली. चंद्रावर यान उतरवायला दोन जागा होत्या, आणि मी ज्या जागेचा नकाशा काढला होता तिथली जमीन वरून घट्ट दिसायची. खालच्या थराबद्दल मला शंका होती. कितीतरी माणसांची कितीतरी वर्षांची मेहनत त्या टेबलावर होती. अध्यक्ष म्हणाले, “बाई, हो की नाही, तेवढं सांगा.” सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला ‘हो’ म्हणायचं होतं, आप्पा, फार म्हणायचं होतं. माझं नाव त्या जागेशी जोडलं गेलं असतं. मी म्हणाले, मला काय दिसतं ते सांगते, आणि कुठं फसू शकते तेही सांगते. ठरवायचं तुम्ही. त्यांनी दुसरी जागा निवडली. यान नीट उतरलं. माझ्या जागेवर ते रुतलं असतं की नसतं, हे आता कधीच कळणार नाही. काही सहकारी बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलायचे. घरी आल्यावर हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. तेव्हा तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. दगडाच्या धुळीनं तुमची छाती भरली, आणि मी सातासमुद्रापलीकडून पोचले तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. व्याख्यानं संपली की मुलं हमखास विचारतात, लहानपणी चांदण्या बघूनच तुम्हाला हे वेड लागलं ना? मी हसून हो म्हणते, त्यांना ते आवडतं. पण आपल्याकडं त्या उन्हाळ्यात लख्ख चांदण्यांनी भरलेलं आभाळ म्हणजे उद्याही पाऊस नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. मला त्या आभाळाचा राग यायचा. अजून येतो. दुर्बिणीवर काम करणारे माझे मित्र ढग आले की वैतागतात, रात्र वाया गेली म्हणतात, मी त्यांच्याबरोबर चुकचुकते, आणि आतून मला इतकं बरं वाटत असतं, आप्पा, की तोंड दुसरीकडं वळवावं लागतं.