मागच्या चाकाखालचा कागद

प्रिय दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. पत्र माय तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोरून हलणार नाही, तेव्हा वाचून टाक. मालेगावच्या ट्रॅक्टर वर्कशॉपात तुझं बरं चाललंय, एवढं तिच्याकडून कळतं. इकडे प्लांटवर सोयाबीनची आवक वाढली आहे. हेमसिंग तुझी फोर्कलिफ्ट चालवतो आणि समोर कुणी नसतानाही हॉर्न वाजवतो.

गेल्या आठवड्यात कारंज्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांचं नाही, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मॅनेजर लोकांचं. आम्ही एकोणीस जण, त्यात बाई मी एकटी. शिकवायला अकोल्याच्या ज्योत्स्ना मॅडम होत्या. मला सगळं येतं अशा समजुतीने मी गेले होते. पहिल्या तासाला वहीत तारखेशिवाय काही लिहिलं नाही. दुपारी त्यांनी आम्हाला एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये नेलं. तिथे आपल्यासारखीच अडीच टन उचलणारी फोर्कलिफ्ट होती आणि लोखंड भरलेली लांबट पेटी. ऑपरेटरने पेटी चार बोटं उचलली. पाहणाऱ्याला वाटावं, काहीच झालं नाही. मॅडमनी वर्तमानपत्राचं एक पान घेतलं, मागे जाऊन वाकल्या आणि ते पान मागच्या चाकाखाली एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढलं. आधी डावं चाक, मग उजवं. दादा, चार टनांचं यंत्र, आणि त्याच्याखालून कागद. सुरकुतीसुद्धा नाही. एवढी मोठी वस्तू इतकी गुपचूप जमीन सोडते, याचं मला जे नवल वाटलं ते अजून ओसरलेलं नाही.

मग मागे साठ किलोची चार पोती ठेवली. चाकं टेकली. झालं की काम, असं कुणीतरी म्हणालं, कारण आपल्याकडे सगळे हेच करतात; ओझं जड झालं की मागे चार हमाल बसवतात. मॅडमनी पेटी गुडघ्याइतकी वर घ्यायला लावली आणि खाली आणताना मध्येच झटक्यात थांबवली. मागची बाजू वीतभर उठली आणि दणकन आपटली. वरचं पोतं निसटून चाकापाशी पडलं, फुटलं, आणि सोयाबीन आमच्या बुटांपर्यंत घरंगळत आलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हा एक माणूस."

आठ महिन्यांपूर्वीचा तो दिवस तुला सांगायला नको, पण मला तो एकदा सरळ लिहायचा आहे. ग्रेडिंग मशीनची पेटी आली होती, तेवीसशे किलोची. फोर्कलिफ्ट पंचवीसशेची, म्हणजे दोनशे किलो शिल्लक, असा माझा हिशोब. तू पेटी जराशी उचललीस, स्टेअरिंग हलकं लागतंय म्हणालास आणि खाली ठेवलीस. मी चार हमालांना मागे बसायला सांगितलं. तू इंजिन बंद केलंस, चाबी माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालास, "यायले मांगं बसवून मी नाई उचलत. तुले उचलाचं असन तं तूच उचल, मॅडम." हमाल हसले. भावाला सूट दिली असं कुणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रजिस्टरमध्ये 'कामास नकार' असं लिहून मी तुला पोती शिवायला पाठवलं. तू सरळ घरी गेलास. पेटी हेमसिंगने उचलली, चौघांना मागे बसवून. काही झालं नाही. त्या 'काही झालं नाही'वर मी आठ महिने काढले.

कारंज्याहून आल्यावर मी आधी आपल्या फोर्कलिफ्टची, किती वजन उचलायचं ते कोरलेली पाटी वाचायला गेले. वाचता येईना. दर दसऱ्याला तिच्यावरच हळदीकुंकू लागतं; चकचकीत पाटी म्हणजे मशीनचं कपाळ. डिझेलच्या फडक्याने पुसली तेव्हा आकडे दिसले. पंचवीसशे किलो, पण वजनाचा मध्य फोर्कच्या मुळापासून अर्ध्या मीटरवर असेल तरच. त्या पेटीचा मध्य नव्वद सेंटीमीटरवर होता. पुढच्या चाकांपासूनचं अंतर धरून पुन्हा हिशोब केला: इतक्या लांबचं वजन ती जेमतेम साडेसतराशे पेलते. मी वजन पाहिलं, लांबी पाहिलीच नाही. वळतात ती मागची चाकं, ती जमीन सोडायला लागली की स्टेअरिंग हलकं होतं, हे मॅडमना फळ्यावर चित्र काढून समजवावं लागलं. तुझ्या तळहातांना ते चित्राशिवाय कळलं होतं. त्या कागदापेक्षाही मला याचं नवल वाटतं.

पाटी पुसता पुसता तुझ्या हनुवटीची खूण आठवली. मेडशीला मामाच्या बैलबंडीत तुरीची पोती मागे जास्त झाली, बंडी उलाळ व्हायला, पुढून उचलायला लागली, म्हणून मामाने तुला पुढे जुवाला लोंबकळायला लावलं. तू अकरा वर्षांचा. मागे आणखी एक पोतं पडलं आणि तू जुवासकट वर गेलास. मला वाटलं तू उडतो आहेस; मी टाळ्या वाजवल्या. मग तू खाली पडलास, तोंड रक्ताने भरलेलं. माणसाला वजन म्हणून वापरलं की काय होतं, हे आपल्या घरात तुला एकट्याला माहीत होतं. मी विसरले होते.

प्रशिक्षणाच्या शेवटी मॅडमनी विचारलं, एखादा ऑपरेटर 'नाही' म्हणालेला कुणी पाहिला आहे का. मी हात वर केला. मग तुम्ही काय केलंत, त्यांनी विचारलं. मी अठरा पुरुषांसमोर सांगितलं. तो माझा भाऊ आहे, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही.

रजिस्टरमधली ओळ मी खोडली नाही, खोडायची नसते. तिच्याखाली तारीख टाकून लिहिलं आहे, 'नकार बरोबर होता. आदेश चुकीचा होता,' आणि सही केली आहे. आता या पत्राचं कारण. सोबत एक फॉर्म आहे. मॅनेजरला न विचारता फोर्कलिफ्ट थांबवण्याचा अधिकार कुणाला, ते एक नाव प्रत्येक प्लांटने द्यायचं आहे. मालकांना विचारून मी तिथे तुझं नाव लिहिलं आहे, धम्मरत्न. बुधवारी दुसरं ग्रेडिंग मशीन येतंय, तसल्याच लांब पेटीत. तू पाहेपर्यंत ती ट्रकमधून उतरणार नाही. क्रेन मागवायची का, तेही तूच सांग. हेमसिंगला मी दुसरी चाबी दिली आहे. तू हातावर ठेवलेली माझ्या ड्रॉवरमध्ये तशीच आहे. फॉर्मवर माझी सही झाली, तुझी जागा रिकामी आहे. निळ्या शाईने कर, काळी चालत नाही.

तुझीच,
स्नेहा
(मॅडम नाही)