गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

प्रिय राही,

फोन केला असता, पण तू उचललास तर काय बोलू आणि नाही उचललास तर काय करू, दोन्ही कळेना. म्हणून कागद घेतला. पूर्णगडात सगळं बरं आहे म्हणायचं. तुझी आई गेल्यापासून मी एकट्यापुरता भात टाकतो आणि तो रोज उरतो. काल ओटीवर मोठ्याने पेपर वाचत बसलो होतो. ऐकायला मांजर होतं, तेही उठून गेलं.

चार वर्षांपूर्वी तू आणि प्रथमेश लोट्याहून मुद्दाम आलात, दुसऱ्या बाईचं बीज घेऊन मूल होऊ देणार हे सांगायला. मी तुमचा तासच घेतला: प्रत्येक गोष्टीत निसर्गाने एक हेतू घातलाय, तो बुद्धीने ओळखावा आणि त्याच्या आड जाऊ नये. मूल नवराबायकोचं असावं, प्रयोगशाळेच्या बशीतलं नव्हे. बत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, मुद्दा सोडवेना. तू नुसती अंगणातल्या कलमांकडे बघत राहिलीस. रायवळ कोयीच्या रोपांवर हापूसच्या काड्या मीच बांधल्या होत्या. झाडं वेगळी, माणसं वेगळी, असं म्हणालो. आजही म्हणेन.

माझ्या शंका गेलेल्या नाहीत, खोटं कशाला सांगू. ती बाई राजीखुशीने आली की कुणी भरीला घातलं, उरलेल्या गर्भांचं काय झालं, हे मला अजून छळतं. पण ते मोठ्यांना विचारायचं होतं. मी शिक्षा दिली ती पाळण्यातल्या पोरीला. बारशाला आलो नाही. आई स्वयंपाकघरात तुझ्याशी फोनवर हळू बोलायची, मी आत गेलो की गप्प व्हायची, आणि मला वाटायचं, आपण जिंकलो. लेकराला जपावं हा हेतूही निसर्गाचाच, तो मी सोयीने विसरलो. आईच्या तेराव्याला तू एकटीच आलीस, तेव्हाही एका शब्दाने विचारलं नाही.

परवा शिमग्याची पालखी दारात आली. गाऱ्हाण्यात घरातल्यांची नावं देवाला सांगायची, सगळ्यांना सुखी ठेव म्हणायचं. तुझं सांगितलं, प्रथमेशचं सांगितलं. यंदा पहिल्यांदाच, एक नात आहे, असंही म्हणालो. हरिश्चंद्र गुरवाने तिचं नाव विचारलं. ढोल थांबले होते, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते ठाऊक नव्हतं. राहीची लेक, असं म्हणून त्या भल्या माणसाने वेळ मारून नेली. आईला ठाऊक होतं, पण तिला आता कुठे विचारू गो? शेजारचा सहदेव उद्या लोट्याला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. पालखी अजून चार दिवस देवळापुढच्या सहाणेच्या चौथऱ्यावर आहे. तेवढ्यात तिचं नाव कळव, मी जाऊन सांगून येतो.

तुझाच,
बाबा