अक्षर यांचं, कान माझे

कासारवाडी,
दि. २२ फेब्रुवारी १९८१

श्री. ज्योतीराम भावजी यांना कस्तुराचा सप्रेम जयभीम.

पाकिटावर यांचं अक्षर दिसलं नाही म्हणून दचकला असाल. घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण लगेच विमान धरावं असं नाही. ते सांगायलाच बसले आहे, पण आधी खुशाली लिहू द्या. खुशालीशिवाय पत्र मला पत्र वाटत नाही.

तुमच्या रहाटणीच्या घराच्या भिंती खिडक्यांच्या वर गेल्या. तुमच्या सौ. रुक्मिणीबाई रोज सकाळी पाइप घेऊन भिंतींना पाणी मारतात आणि पाणी मारता मारता गवंड्याशी भांडतात. तुम्ही बहारीनमध्ये बसून नकाशे पाठवता आणि त्या इकडे खिडक्यांच्या जागा बदलतात. आल्यावर तुम्हाला कळेलच. आमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं. आता त्यांना सगळं दिसतं, त्यामुळे माझं एक भांडं त्यांना स्वच्छ दिसत नाही. पिंपरीच्या मंडईत परवा भेटलेल्या एका बाईला त्या म्हणाल्या, "सून चांगली हाय, पर ताटाला बोट लावलं की चिकाटतंय." मी शेजारीच उभी होते.

यांची प्रकृती चांगली आहे. कारखान्यातलं हॅमर शॉप सोडून स्टोअरला गेल्यापासून अंगानं भरलेत. यांना बढती मिळाली म्हणून तुम्हाला कळवलं होतं ना, तेच.

तुमचं जानेवारीचं पत्र मिळालं. जयंतीला येताय हे वाचून सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. पण खाली तुम्ही जे लिहिलंत की, "किसन, नवी रेकॉर्ड आणतोय. तिच्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पूर्वीसारखी रविवारी तुझ्या खोलीत लावू, आणि बाजू संपली की तू सांगायचं. हल्ली तुझे कान फार तयार झालेत," ते यांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जेवताना मला म्हणाले, "एप्रिलात जुन्नरला जाऊन येऊ तुझ्या भावाकडं. लई दिस झालं." माझ्या भावाचं नाव काढलं की ज्यांच्या पोटात दुखतं, ते हे! तेव्हाच ठरवलं, भावजींना लिहायचं.

भावजी, यांना ऐकू येत नाही.

अगदी ठार बहिरे नाहीत. ट्रकचा हॉर्न कळतो. डाव्या बाजूला तोंड नेऊन मी ओरडले की कळतं, आणि समोर उभी राहून बोलले तर ओठांवरून निम्मं ओळखतात. पण बारीक आवाज सगळे गेले. कुकरची शिट्टी गेली, दारावरची कडी गेली, सायकलची घंटी गेली. दवाखान्यात तपासलं तर डॉक्टर म्हणाले, हॅमरजवळ इतकी वर्षं काढली, आता गेलं ते परत यायचं नाही. म्हणून स्टोअरमध्ये बसवलंय. बढती वगैरे काही नाही. तुम्ही दोघंही कानात कॉटन वेस्टचे बोळे कोंबूनच काम करायचात, पण तुम्ही वेळेवर निघून गेलात. हे यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी दाखवते आहे, राग मानू नका.

मला कसं कळलं ते सांगते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी हे प्लेअर लावून बसले होते. मी आत भाकऱ्या थापत होते. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की तेच ते वाजतंय. पाच-सहा सुरांचा एक तुकडा, परत तोच, परत तोच. सुई ओरखड्यात अडकली होती. म्हटलं, उठतील. माझी भाकरी भाजून झाली तरी तेच. बाहेर येऊन बघते तर हे डोळे मिटून मान डोलावत बसलेले, चेहऱ्यावर अगदी समाधान. मी सुई उचलली. प्लेअरच्या लाकडावर यांचा तळहात होता, तिथलं थरथरणं थांबलं तेव्हा यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. कुणाला सांगू नको म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "किती येळ अडकली हुती?"

मी म्हटलं, आत्ताच.

त्याच आठवड्यात तुमची ती निळ्या खोक्यातली रेकॉर्ड कुणाच्या तरी हाती आली आणि सोबत तुमची चिठ्ठी, कशी वाटली ते सविस्तर कळव. हे कोरा कागद पुढे घेऊन बसले. मला बघवेना. मी रेकॉर्ड लावली, समोर बसले, आणि बाजू संपल्यावर यांच्या डाव्या कानात मला जे वाटलं ते सांगितलं. यांनी लिहिलं. तेव्हापासून तुम्हाला गेलेल्या प्रत्येक पत्रात अक्षर यांचं आणि कान माझे.

तुम्ही हसाल. मला माझंच हसू येतं. लग्न झालं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलाचे वडील खडकीच्या छावणीत बँडमध्ये होते. मला वाटलं, चला, घरात गाणं असेल. पहिल्या रविवारी तुम्ही आलात, दोघं चटईवर बसलात, आणि त्या प्लेअरमधून जे निघालं त्यावरून मला वाटलं यंत्रच बिघडलं. गाणारं कुणी नाही, आणि वाजवणारे सगळे एकदम बोलतायत, कोण कुणाचं ऐकतच नाही. "ही रेडकं कशापाई वराडत्यात?" असं सासूबाई विचारायच्या आणि मला ते पटायचं. त्यात तुमचा तो कडक नियम. रेकॉर्ड फिरते तोवर कुणी बोलायचं नाही, चहाची कपबशीसुद्धा वाजवायची नाही, आणि बाजू संपली की प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. मामंजींना म्हणे कुणा गोऱ्या बँडमास्तरानं जाताना प्लेअर दिला, जाझच्या रेकॉर्डी दिल्या आणि हा नियमही दिला. वाजवणाऱ्यांची इंग्रजी नावं तोंडात बसेनात म्हणून तुम्ही त्यांना घरची नावं ठेवलीत. सॅक्सोफोनवाला दमेकरी, पियानोवाला मास्तर. इतकी वर्षं मी त्यांना चहा पाजल्यासारखी ओळखते, पण ऐकलं कधी नव्हतं.

आता ऐकावं लागतं. मध्ये बोलायचं नाही म्हणजे सगळं डोक्यात धरून ठेवायचं, आणि धरून ठेवायचं म्हणजे नीट ऐकायचं. "दमेकरी पहिल्या बाजूला रुसून बसलाय, दुसऱ्या बाजूला एकदा तोंड उघडलं की कुणाला बोलू देत नाही," हे तुम्हाला फार आवडलं होतं ना? तुम्ही ते तिथल्या मित्रांना इंग्रजीत करून सांगितलंत म्हणून लिहिलं होतं. ते मला सासूबाईंवरून सुचलं होतं.

आता मुद्द्याचं. यांना तुमच्यापुढे बसायची लाज वाटते. खोटं पकडलं जाईल त्याची नाही. तुम्ही कीव कराल त्याची. मला म्हणाले, "ज्योतीराम माझ्यासंगं कशाला बसंल? बहिऱ्यापुढं कोण रेकॉर्ड लावतं?" तुम्ही भेटल्याशिवाय परत गेलात तर प्लेअर माळ्यावर जाईल आणि हे भिंतीकडे बघत बसतील. मला माझ्या माणसाचं तसं झालेलं नको आहे.

एक गोष्ट मात्र परवा घडली. कासारवाडी स्टेशनावर आम्ही पुण्याच्या बाजूला उभे होतो आणि पलीकडे लोणावळ्याच्या बाजूला तुमच्या शॉपमधला खंडू. मधून मालगाडी गेली, ती गेल्यावर या दोघांनी हातांनी बोलायला सुरुवात केली. तळहात खाली, मूठ वर, दोन बोटं, काय नि काय. फलाटावरची माणसं वळून बघत होती आणि हे पोट धरून हसत होते. कित्येक महिन्यांत एवढे हसले नव्हते. मी विचारलं, काय म्हणतो? तर म्हणे, "स्टोअरचा चहा बरा का हॅमरचा, असं इचारतोय." हॅमरचा घाव पडताना कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, सगळं बोलणं हातांनी, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तिथं तर तुम्ही सगळेच बहिरे होतात, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

म्हणून विनंती आहे. पत्रात यातलं काही लिहू नका. आलात की सरळ घरी या, आम्ही जुन्नरची गाडी धरायच्या आत. रेकॉर्ड लावा, यांच्या समोर बसा आणि हातांनी सांगा. ओरडू मात्र नका, ओरडलेलं यांना आवडत नाही.

चुकलं असेल तर पोटात घाला. यांना न सांगता लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र.

आपली वहिनी,
सौ. कस्तुरा किसन ओव्हाळ


कासारवाडी,
दि. १७ मे १९८१

श्री. ज्योतीराम भावजी यांना कस्तुराचा जयभीम.

सुखरूप पोचल्याची तार रुक्मिणीबाईंनी दाखवली. तुमचा स्लॅब पडला, आणि तुमच्या नकाशातली पूर्वेची खिडकी आता कायमची दक्षिणेला गेली आहे. सासूबाईंना या खेपेला तुमचा चष्मा दिसला, त्या त्याची चौकशी करतात.

हे पत्र यांना सांगून लिहिते आहे. यांचं वेगळं येईल. त्यात प्लेअरवरच्या हाताला जेवढं कळलं तेवढंच लिहिणार म्हणाले.

त्या दिवशी तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा पिशवी भरून तयार होती आणि यांचा चेहरा चोर सापडल्यासारखा झाला होता. तुम्ही सरळ चटई अंथरलीत याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पण भावजी, खरं सांगते, पुढे जे झालं ते बघून मी कपाळाला हात लावला. हॅमरवरच्या खुणा त्या किती! हळू मार, जोरात मार, थांब, उलटा कर. दमेकऱ्याला तुम्ही हळू आणि जोरात करून कसंबसं निभावलंत. मास्तरचा पियानो सुरू झाला तेव्हा तुमच्याजवळच्या खुणाच संपल्या. तुम्ही आपली चहाची केलीत. आणि हे उठले, आत आले आणि मला म्हणाले, "ज्योतीराम चहा मागतोय."

तेव्हा आपण तिघंही किती हसलो. हे हसता हसता खाली बसले, डोळे पुसले आणि रेकॉर्ड फिरत असताना बोलले. "जोत्या, मला काय बी ऐकू येत न्हाई रं." यांच्या तोंडून ते वाक्य मीसुद्धा तोवर ऐकलेलं नव्हतं. तुम्ही हातांनीच सांगितलंत, ठाऊक आहे. मग हे माझ्याकडे बघत राहिले. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी अबोला होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "बरं केलंस." ते तुम्हाला कळवायचं राहिलं होतं.

दुसरं राहिलं ते माझं. पत्रं कुणाच्या कानांनी लिहिली, हे ठाऊक असूनही तुम्ही यांना विचारलंत तेव्हा यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग तुम्ही माझ्याकडे वळून बसलात आणि विचारलंत, "मग वहिनी, कशी हाय ही?" आजवर मी जे सांगितलं ते यांच्या कानात, यांचं म्हणून. माझं मत मला कुणी विचारलं नव्हतं. मी चहाचं निमित्त करून आत पळाले. तुम्हाला वाटलं असेल, हिला काही सांगायचंच नाही.

तर सांगते. पहिली बाजू चांगली आहे, पण मास्तर जरा जास्तच शहाणपणा करतो. दुसरी बाजू मी चार रविवार ऐकते आहे. शेवटाकडे सगळे एकेक करून गप्प होतात आणि दमेकरी एकटा राहतो. तो वर जात नाही, बढाई मारत नाही. एक सूर धरतो आणि तो बारीक करत नेतो. सूर संपतो, आणि नुसता त्याचा श्वास राहतो. माणसाचा श्वास, भावजी, सॅक्सोफोनच्या भोंग्यातून येतो तसा. मग सुई खरखरते.

ती जागा मी यांना सांगायला गेले. म्हटलं, श्वास ऐकू येतो. हे म्हणाले, "कसा?" मी दोनदा सांगून बघितलं. नाही सांगता आलं. मी यांच्या तळहातावर फुंकर घालून दाखवली, तर हे मान हलवून हसले. माझं मन राखायला हसले, ते मला कळलं.

आता ती जागा जवळ आली की मी यांच्याकडे बघत नाही. मला ती फार आवडते. ज्या माणसानं हा नाद घरात जपला, त्याच्या शेजारी बसून त्याला कधीच न मिळणारं मी घेते. त्याचं मला वाईट वाटतं, आणि तरीही सोमवारपासून मी रविवारची वाट बघते. हे यांच्या कानात सांगायचा धीर मला झाला नाही. तुम्ही विचारलं होतंत म्हणून तुम्हाला लिहिलं.

तुम्हाला तो श्वास ऐकू आला होता का, ते मला कळवा. पाकिटावर माझं नाव घाला.

कस्तुरा