बेल्ट डावीकडे पळतोय

३ नोव्हेंबर, सोमवार
मोटरसायकलच्या मागच्या चाकातून चिवचिव येतेय. मला वाटलं पार्किंगमध्ये चिमणी अडकली. बायको म्हणाली, चिमणी रोज आपल्याबरोबर ऑफिसपर्यंत येत नाही. मुद्दा मान्य. बेल्टच असणार. आमच्या गाडीला चेन नाही, रबरी पट्टा आहे. तो पुलीवर सरळ धावला पाहिजे. तिरका धावला की कड घासते आणि मग ओरडतो.
मेकॅनिककडे नेणार नाही. स्वतःच्या गाडीला स्वतःचा हात लागला पाहिजे.
रविवारी मेव्हणीकडे जेवायला बोलावलंय. बायकोला शब्द दिला की मोटरसायकलवरूनच जायचं, घाटातून, दोघंच. किती वर्षांत गेलो नाही! ती म्हणाली, बघू. तिच्या ‘बघू’त होकारच असतो.

४ नोव्हेंबर
मॅन्युअल वाचलं. म्हणजे चित्रं पाहिली. अगदी सोपंय. चाक उचलून धरायचं, हाताने फिरवायचं, बेल्ट कुठे सरकतो ते बघायचं. मग मधला मोठा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. उद्या पहाटे उठून उरकून टाकतो.

५ नोव्हेंबर
उठलो नाही. असली कामं झोपेत करू नयेत.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
सुरुवात जोरात. बेल्ट डावीकडे पळतोय. डावा स्क्रू फिरवला. आणखी डावीकडे पळाला. आता डावा म्हणजे कुणाचा डावा? गाडीचा, की तिच्या समोर उकिडवा बसलेल्या माझा? मॅन्युअल गप्प.
मग दोन्ही स्क्रू फिरवले. बेल्ट बरोबर मधोमध! फक्त चाक फिरेना.
बायकोने विचारलं, टेन्शन आलंय का? म्हटलं, मला नाही, बेल्टला. ती न हसता आत गेली. विनोद तांत्रिक होता.

७ नोव्हेंबर
टेन्शन कमी केलं. आता बेल्ट कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा लोंबतोय. म्हणजे योग्य जागा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे, हे सिद्ध झालं. मोठीच प्रगती.

८ नोव्हेंबर
बेल्ट जरा आवळला आणि त्याच्यावर स्वयंपाकघरातलं तेल सोडलं. चिवचिव बंद!! मग मॅन्युअलचं पुढचं पान उलटलं. बेल्टला तेल अजिबात लावू नये.
संध्याकाळभर साबणाच्या पाण्याने बेल्ट धुतला. बायको भांड्यांची घासणी शोधत होती. मीही थोडा वेळ शोधू लागलो.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी
बायको हेल्मेट घालून जिन्याच्या पायरीवर बसलीय. नट माझ्या हातात. पाचच मिनिटं, म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिने हेल्मेटची काच खाली ओढली आणि आतूनच बहिणीला फोन लावला.

दुपारी
मेव्हणी आणि साडू कार घेऊन आले. साडू विमा कंपनीत आहे, यंत्रातलं त्याला काडीचंही कळत नाही. तरी येऊन वाकला. म्हणाला, उजवा फिरव. मी म्हटलं, कुणाचा उजवा? तो विचारात पडला. इतक्या वर्षांत हा माणूस मला पहिल्यांदाच आवडला.
मान वर केली तेव्हा दोघी बहिणी कारमध्ये बसून निघाल्या होत्या. बायकोने हातही केला. मीही केला, पान्यासकट.
पट्टी घेऊन दोन्हीकडचं अंतर मोजायची कल्पना साडूची. माझ्या मनात होतीच. दोन्हीकडे सारखं आलं. चाक फिरवलं, बेल्ट जागचा हलला नाही. काहीच आवाज नाही. साडूने मला मिठीच मारली. दोघांचेही शर्ट गेले.

संध्याकाळी
नट आवळला, साडूला मागे बसवलं आणि घाटातून त्याच्या घरी आलो. गाडी लोण्यासारखी चालली. वळणावर साडूने माझी कंबर घट्ट धरली. बायकोची जागा त्याने घेतली, याचं वाईट वाटलं, पण वजनामुळे बेल्टची परीक्षा चांगली झाली.
घराला कुलूप. किल्ली मेव्हणीकडे. दोघं अंगणाच्या कठड्यावर उपाशी बसलोय.
बायकोचा फोन आला. म्हटलं, ऐक, अजिबात आवाज नाही! ती म्हणाली, छान. आम्ही जेवून शोरूममध्ये आलोय. मी स्कूटर घेतली. माझी मला. आता बहिणीकडे यायला कुणाची वाट बघायची नाही. पुढच्या वेळी मागे बसायचं असेल तर बसा म्हणाली.
मला एकच सुचलं. बेल्ट आहे का तिला?
आहे, म्हणाली. पण आत, कव्हरखाली. दिसत नाही. म्हणूनच पसंत केली.
साडू म्हणतोय, कव्हर काय, नुसते स्क्रूच तर असतात.