पाळीव सर्दी

१२ जून १९९५, वालचंदनगर
विजयसिंहकाकांचा अमेरिकेहून फोन. माझ्या छातीतल्या जन्मजात चिकट कफावर उपाय निघालाय म्हणे — सर्दीचा विषाणू! त्याची नांगी मोडायची, त्याच्या पाठीवर चांगलं जनुक लादायचं आणि नळीनं फुप्फुसात सोडायचा. शिंकणारं माणूस दिसलं की आई मला लहानपणापासून खोलीत कोंडते. आणि तिकडचे डॉक्टर सर्दीच छातीत घालणार. धन्य आहे!

"फुप्फुसं सुजणार नाहीत ना?" मी विचारलं.

"थोडा ताप येईल. तू फार विचार करतेस."

छाती माझी, मग विचार काय शेजाऱ्यांनी करायचा?

२० जून
काकांनी सांगितलेल्या उपायाच्या चाचणीत एकच जागा उरलीय. अट अशी — रक्ताला त्या विषाणूची ओळख नको. ओळख असली तर शरीर चवताळतं, सूज येते. पुढच्या महिन्यात माझं रक्त तपासणार. कोंडून ठेवल्याचा एकदाचा उपयोग झाला! मी बोर्डात पहिली आल्यासारखी आई मिरवतेय.

मला जायचंय. न थांबता जिना चढायचाय. हे कुणाला सांगितलेलं नाही.

३ जुलै
आई-बाबा बारामतीला गेलेले, आणि डाळजहून आजी आली. सोबत सारजाआत्या — नाक गळतंय, डोळे लाल. आजीनं आम्हा दोघींना एका ताटात जेवायला बसवलं. मी मागं सरकले.

"खा गं. सर्दीचंच औषिद हाय म्हनं. त्यासाठनं इमानात कशाला बसायचं? आपली सारजा हाय की."

आत्या ताटातच शिंकली. आजी खूश.

मी जेवले. एका ताटात कुणासोबत पहिल्यांदाच. बरं वाटलं.

८ जुलै
ताप. खोकला थांबत नाही.

४ ऑगस्ट
रक्ताचा निकाल आला. ओळख झालीय, चांगली घट्ट. जागा गेली.

आई आजीला नको नको ते बोलली. मी एकच वाक्य बोलले — "तुझ्यामुळं मी मरणार." आजी दुपारच्या एसटीनं गेली.

१९ ऑक्टोबर
काकांचा फोन. माझी जागा तिकडच्या एका मुलीला दिली होती. रक्त अगदी कोरं, तरी पहिल्याच डोसात फुप्फुसं सुजली. श्वासाच्या यंत्रावर आहे. चाचणी थांबवली. "नशीबवान आहेस," काका म्हणाले.

डाळजला जाऊन आजीची माफी मागायला हवी. पण कारण सांगितलं, तर ती आधी त्या पोरीचं नाव विचारेल. आणि ते मला ठाऊक नाही.