लेकीच्या पैशाला हात

१२ फेब्रुवारी २०१७, रविवार

परत तेच! जेवताना प्रसन्न म्हणाला, "तुआसला कामगारांची अजून एक बॅच काढून घरी पाठवली." तेलाचे भाव पडल्यापासून याच्या यार्डात हेच चाललंय. याची नोकरी गेली की याचा इथे राहायचा पास जाणार, आणि त्याला बांधलेला माझाही. लाँग टर्म व्हिजिट पास! पाच वर्षं इथे परदेशात मुलाच्या घरी पोळ्या लाटतेय, नातीच्या वेण्या घालतेय – आणि कार्डावर मी व्हिजिटर.

संध्याकाळी इराचा डब्लिनहून फोन. ती आता आयरिश नागरिक आहे. आईला कायमचं बोलावता येतं म्हणे, जॉइन फॅमिली व्हिसावर. "फक्त तू माझ्यावर अवलंबून आहेस हे दाखवायचं, आई."

फक्त!

१५ फेब्रुवारी

अवलंबून. सकाळपासून हा शब्द दातात अडकलाय. हे गेले तेव्हासुद्धा मी कोणापुढे हात पसरला नाही. आणि आता लेकीपुढे? माझे सासरे लेकीकडे जाताना पाण्याचा तांब्या बरोबर नेत. आम्ही तेवढे कर्मठ नाही, पण लेकीच्या घरचं खायचं नाही हे अंगात भिनलेलं आहे. इराच्या बाळंतपणाला डब्लिनला राहिले, तर निघताना तितक्या दिवसांच्या वाणसामानाचे पैसे पाकिटात घालून तिच्या डाळीच्या डब्यात ठेवून आले. तिला सापडलं तेव्हा फोनवर केवढी रडली! "मी काय लॉज चालवते का गं?"

तरी दर महिन्याला माझ्या पुण्याच्या खात्यात पैसे टाकते. टाकू दे. मी ते जसेच्या तसे एफडीत ठेवते, नॉमिनी इरा. तिला सांगितलेलं नाही. तिचं आहे, तिलाच मिळेल.

२४ फेब्रुवारी

डब्लिनच्या अर्जाला प्रसन्नचं पत्र लागतं – आईला यापुढे सांभाळणं मला शक्य नाही, असं. मला वाटलं, अडखळेल. चार दिवस तरी टाळेल. छे! नातीची – जाईची – शाळेची बस यायच्या आत पत्र लिहून, प्रिंट काढून, सही करून टेबलावर!

"फॉर्मॅलिटी आहे गं, आई."

हो रे बाबा. फॉर्मॅलिटीच. पण एकही खाडाखोड नाही.

४ मार्च

माझंही पत्र लागतं. स्वतः लिहिलं, इंग्रजीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. सुनेने – तन्वीने – टाइप केलं. ठणकावून लिहिलंय की लेकीच्या एका पैशालाही मी आजवर हात लावलेला नाही. पुरावा म्हणून सगळ्या एफडींच्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या. कळू दे तिथल्या साहेबाला, ही बाई फुकटी नाही!

तन्वी टाइप करता करता थांबली. "आई, हे घालायलाच हवं का? इराला एकदा विचारू या?"

म्हटलं, लेक माझी, पत्र माझं, तू टाइप कर. केलं तिने टाइप. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

२८ मार्च, पाडवा

कागद गेले. कपडे वाळत घालायच्या बांबूलाच गुढी बांधली, किचनच्या खिडकीत. खालून एक चिनी आजी मान वर करून बघत होती – हा कसला टॉवेल म्हणून!

जाई म्हणाली, "आजी, यू गोइंग अवे आ? देन हू मेक माय पोळी?" या घरात एवढ्या एका जिवाला प्रश्न पडला. तोही पोळीपुरता.

६ ऑगस्ट

उत्तर नाही. वर्ष लागतं म्हणे. खाली आमच्या बिल्डिंगमधली सुलेखा भेटली. "मज्जा आहे बुवा, दोन दोन देशांत घरं!" हसले.

९ जानेवारी २०१८

गेली. प्रसन्नची नोकरी.

२ फेब्रुवारी

दुसरी मिळाली, जुरोंग आयलंडला. पगार कमी. बायको-मुलीला ठेवून घेण्याइतका आहे, आईला ठेवून घेण्याइतका नाही – सरकारची तशी पगाराची रेघच आहे इथे. कुटुंब रेघेच्या अलीकडे, मी पलीकडे. कोणावर चिडू? रेघेवर?

"सहा महिन्यांत बघू या, आई," प्रसन्न म्हणाला. तन्वीने पोळ्यांना बाई बघितलीसुद्धा. आता सगळी भिस्त डब्लिनवर.

२७ फेब्रुवारी

आयर्लंडचं उत्तर आलं. नाही!

तन्वीने वाचून दाखवलं, सावकाश. अर्जदार मुलीवर अवलंबून असल्याचं सिद्ध होत नाही. मुलीने पाठवलेले पैसे अर्जदाराने स्वतःच्या गरजांसाठी वापरलेले नाहीत. तिने स्वतःच तसं लिहून दिलं आहे. आणि पुढे माझंच वाक्य, जसंच्या तसं, अवतरणात! डिक्शनरी घेऊन लिहिलेलं!

"मी म्हटलं होतं," असं तन्वी म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

२८ फेब्रुवारी

इराचा फोन. मला वाटलं, रडेल. नाही रडली.

"तुझ्या बीपीच्या गोळ्या माझ्या पैशांतून येतात असं समजत होते मी. इतकी वर्षं! दर महिन्याला पैसे पाठवले की वाटायचं, चला, आईचं झालं. तुला विटाळ होत होता का गं माझ्या पैशांचा?"

म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच ठेवले ना सगळे.

"मी तुझ्यासाठी पाठवले होते." मग म्हणाली, "दादाच्या घरी कधी ठेवलंस का गं पाकीट, डाळीच्या डब्यात?"

नव्हतं ठेवलं. ते माझं घर, असं धरून चालले होते. त्या घराने मला शक्य नाही असं लिहून दिलं, सहीनिशी. आणि जी बोलावते आहे तिच्या तोंडावर मी कागदोपत्री दार लावून घेतलं. जन्मभर उलटं शिकले आणि उलटंच वागले. चीड येते स्वतःची!

फोन ठेवताना म्हणाली, "आता निदान वर्षभर माझ्या पैशांवर राहून दाखव. मग परत अर्ज करू. राहशील तर."

राहशील तर. हे कानातून जात नाही.

११ मार्च

पास संपत आला. पुण्याचा फ्लॅट झाडून ठेवायला शेजारच्या नंदाला सांगितलं. सहा वर्षांची धूळ!

प्रसन्न आज फार प्रेमात. "तिकीट मी काढतो आई, आरामाची सीट बघतो. पाय पसरून जा." डोळे भरले होते त्याचे, खोटे नव्हते. म्हणूनच जास्त लागलं.

१८ मार्च, पाडवा

तन्वीकडून एफडी मोडून घेतली. इराच्या पैशांतून तिकीट काढलं. साधी सीट. गोळ्याही आणल्या, वर्षभराच्या.

ह्यांच्या मागे उरलेल्या माझ्या पैशांतलं एक पाकीट केलं. वर प्रसन्नचं नाव घातलं आणि आत्ताच तन्वीच्या डाळीच्या डब्यात ठेवून आले.