घरातल्या सरांचं नाव

जर्मनी
(गावाचं नाव पाकिटावर छापलंय. ते तुम्हाला उच्चारता येणार नाही, मलाही अजून येत नाही.)
९ मार्च

तीर्थरूप रंगनाथमामा व सौ. मामी यांच्या चरणी आदिनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव 'गहिनीनाथ' वाचून घाबरला असाल, तर आधी पाणी प्या. दाजी जर्मनीला गेलेले नाहीत. दाजी तिसगावातच, आपल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात, कुणाची तरी बोअरची जळालेली मोटार उघडून बसलेले असतील. पत्र त्यांच्या मुलानं, म्हणजे तुमच्या भाच्यानं लिहिलंय. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचं बीपी? जामखेडला नळाला पाणी किती दिवसांनी येतं? लग्नसराई तोंडावर आलीय, तेव्हा दुकानात फोटोफ्रेमचं काम जोरात असेल. मी इथं खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर माझं डोकं फिरलंय.

फोन का केला नाही, असं विचाराल. मामा, तुमचा फोन दुकानाच्या काउंटरवर स्पीकर लावून असतो, आणि फ्रेम न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मधे सल्ला देतं (मागच्या वेळी मी सर्दी झाली म्हणालो, तर कुणीतरी ओव्याची पुरचुंडी सुचवली; इथं ओवा मिळतो का, हे विचारायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत). व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर घरच्या ग्रुपवर अण्णा, म्हणजे तुमचे दाजी, आहेत, आणि दिशाला म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीला सांगावं तर ती अण्णांच्या पार्टीची. ही गोष्ट अण्णांना कळता कामा नये. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पाकिटाला तिकीट लावलंय.

या सगळ्याचं मूळ पाथर्डीच्या नेट कॅफेत आहे. तिसऱ्या वर्षासाठी नगरचं कॉलेज मला इथल्या विद्यापीठात पाठवणार होतं, म्हणून माझा पासपोर्टचा अर्ज भरायचा होता. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात, इंग्रजीतून शिकणारा; पण खुर्चीवर अण्णा बसले. "सरक तिकडं, सरकारी कागद हाय, खेळ न्हाई." अर्जात पहिला रकाना 'गिव्हन नेम'. अण्णांनी त्याचा अर्थ लावला, दिलेलं नाव. आपल्याला वाडवडलांनी काय दिलं? मरकड हे नाव दिलं. मग आई-वडलांनी काय दिलं? आदिनाथ. झालं, त्या रकान्यात 'मरकड आदिनाथ'. पुढचा रकाना 'सरनेम'. इथं अण्णा जरा थांबले, मग हसले. "सर म्हंजे सायेब. सर-नेम म्हंजे घरातल्या सायबाचं नाव. घरात सायेब कोन हाय?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी तिथं 'गहिनीनाथ' टाईप केलं. मी म्हणालो, अण्णा, सरनेम म्हणजे आडनाव. ते म्हणाले, "मंग तसं ल्हिलं असतं त्यांनी." पडताळणीला आलेल्या हवालदारांनी नावं मोजली, तीन पाहिजे होती, तीन भरली, चहा घेतला आणि गेले. (अण्णा दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाले, हे घरात बोलायचं नसतं. पत्रात लिहायला हरकत नसावी.)

इथं उतरल्यापासून मला आदिनाथ म्हणून कुणी हाक मारलेली नाही. इथल्या लोकांना मधलं नाव नको असतं. पहिलं घेतात, शेवटचं घेतात, मधलं टाकून देतात. माझ्यातला नेमका मी मधे होतो. उरलं काय, मरकड गहिनीनाथ. वसतिगृहात माझ्या खोलीच्या दारावर पाटीही त्याच नावाची. आता तुम्ही सांगा मामा, आपल्याकडे शाळेच्या हजेरीत आधी आडनाव आणि मग नाव घेतात, त्या हिशोबानं मरकड गहिनीनाथ म्हणजे कोण? साक्षात अण्णा! त्यात पुन्हा 'मार्क्ट' म्हणजे यांच्या भाषेत बाजार. वर्गातल्या पोरांना वाटतं माझं नाव बाजार आहे, आणि आमच्या गावात आठवड्याचा बाजार भरतो हे मी उत्साहानं सांगितल्यापासून त्यांची खात्रीच पटलीय.

पुरुषाच्या नावाआधी इथं 'हेर' लावतात, म्हणजे आपल्याकडचं श्री. आमच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाई आहेत, नाव श्टाइनके. वयानं मामींएवढ्या, आवाजानं मामींच्या दुप्पट (हे मामींना वाचून दाखवू नका). कचऱ्याचे इथं चार डबे असतात. मी काचेची बाटली चुकीच्या डब्यात टाकली, आणि तीही रविवारी, जेव्हा इथं बाटलीचा आवाजसुद्धा करायचा नसतो. मी घरी व्हिडिओ कॉलवर असताना बाई दारात उभ्या राहिल्या आणि "हेर गाहिनिनाट!" म्हणून जे सुरू झाल्या ते बाटली हलवत पाच मिनिटं. तिसगावात अण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. बाई गेल्यावर म्हणाले, "माझं नाव घिऊन बोंबलती कोन ती? आन हेर म्हंती मला? मी कुनाची हेरगिरी केली?" मी समजावलं. त्यांना पटलं नाही. त्या दिवसापासून बाटली मी टाकली तरी अपमान त्यांचा होतो, आणि तो ते मला फोन करून कळवतात.

डिसेंबरात सुट्टी लागली म्हणून बसनं ऑस्ट्रियाला निघालो. सीमेवर पोलिस चढले. माझा पासपोर्ट बघून त्या माणसाचा चेहरा उजळला. बहुतेक सकाळपासून त्याला काही काम मिळालं नव्हतं. नाव? गहिनीनाथ. वडिलांचं नाव? गहिनीनाथ. नाही, वडिलांचं. हो, वडिलांचंच. मग तुझं? त्यानं शेवटचं पान उलटलं, तिथं वडील म्हणून मरकड गहिनीनाथ. पहिलं पान उलटलं, तिथंही मरकड आणि गहिनीनाथ. त्यानं मला फार शांतपणे विचारलं, की तूच तुझा बाप आहेस का? मी त्याला सर-नेमची सगळी गोष्ट सांगितली, नेट कॅफेसकट. पूर्ण बस ऐकत होती. शेवटी एक म्हातारी ओरडली, तेव्हा त्यानं सोडलं. डोंगर पाहिले. चांगले होते. पण बसमधले सगळे डोंगर सोडून मला "तुझे वडील कुठे आहेत?" असं विचारत होते.

आता आईची गोष्ट. जानेवारीत माझा मोबाईल बर्फात पडून बंद झाला आणि आठवडाभर घरी फोन गेला नाही. दिशा कॉलेजला, अण्णा दुकानात. आईनं एकटीनं वसतिगृहाच्या ऑफिसचा नंबर लावला. श्टाइनकेबाईंनी उचलला. आई म्हणाली, आदिनाथला द्या. इथं आदिनाथ कुणीच नाही. बाई विचारत राहिल्या, "नामे? नामे?" (जर्मनमध्ये नावाला नामे म्हणतात), आणि आईला बरोबर कळलं की नाव घ्यायला सांगतायत. कुणाचं, तेही कळलं, कारण इथं मला अण्णांच्या नावानं ओळखतात हे मीच हसत हसत सांगितलं होतं. मामा, तुमची बहीण तुम्हाला माहीत आहे. लग्न झाल्यापासून तिनं अण्णांचं नाव कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती कार्ड पुढे करते आणि बोटानं दाखवते. तिनं फोनवर "आदीचे वडील" म्हणून पाहिलं, "आमचे हे" म्हणून पाहिलं, "रिवायंडिंगवाले" म्हणूनही पाहिलं. बाईंचं आपलं नामे, नामे. पोरगं आठ दिवस बोललं नाही, जिवंत आहे का नाही कळत नाही. शेवटी तिनं डोक्यावर पदर घेतला (हे तिनंच मला सांगितलं) आणि फोनमध्ये उखाणा घेतला:

जर्मनीच्या गावामधी बर्फ पडतो दाट,
गहिनीनाथरावांच्या लेकाची बघते मी वाट!

बाईंना त्यातलं फक्त माझं नाव कळलं, म्हणजे अण्णांचं. त्या जिना चढून आल्या, मला हाताला धरून खाली नेलं आणि फोन दिला. पलीकडे आई रडत होती, मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तेव्हापासून बाई मला रविवारी बाटलीबद्दल बोलत नाहीत. जिन्यात दिसलो की "दाट, वाट!" म्हणतात, कारण त्यांच्या तोंडी गहिनीनाथचा गाहिनिनाट होतो आणि तो त्यात चपखल बसतो. त्यांना वाटतं, भारतात फोन लावण्याची हीच रीत आहे.

इथपर्यंत सगळं मी सोसलं. पण पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि विद्यापीठानं मूळ प्रमाणपत्र माझ्या कायमच्या पत्त्यावर पाठवलं. कायमचा पत्ता कोणी भरला होता, ते विचारू नका. तिसगावात पोस्टमन आला आणि म्हणाला, गहिनीनाथ मरकड, सही करा, परदेशातनं आलंय. अण्णांच्या नावानं आजवर विजेचं बिल आलं, सोसायटीची नोटीस आली. असं जाड पाकीट, त्यावर सोनेरी शिक्का, कधी आलं नव्हतं. त्यांनी हात धुतले आणि मग फोडलं. आत इंग्रजीत लिहिलेलं, मरकड गहिनीनाथ, उत्तीर्ण. सरासरी एक पूर्णांक सात. मला फोन केला, "सतरा बी न्हाई रं? येक पॉइंट सात?" मी सांगितलं, अण्णा, इथं आकडा जितका कमी तितका मुलगा हुशार. मग म्हणाले, "मंग मी दहावीला तिथं पयला आलो असतो."

ते प्रमाणपत्र आता फ्रेम करून दुकानात टांगलंय, तांब्याच्या तारेच्या बंडलांच्या वर. बाजाराच्या दिवशी लोक मोटारी घेऊन येतात आणि मान वर करून बघतात. अण्णा खोटं काही बोलत नाहीत. फक्त टेस्टरनं नावाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "वाचा की." तिकडे नगरच्या आमच्या कॉलेजनं प्रत बघून कळवलंय, की सदर प्रमाणपत्र विद्यार्थ्याच्या वडिलांचे दिसते, कृपया विद्यार्थ्याचे पाठवावे. इथलं विद्यापीठ तिन्ही नावं घालून नवीन द्यायला तयार आहे, पण जुना मूळ कागद एप्रिल संपायच्या आत हातात पडला तरच. नाही पडला तर माझं अख्खं सत्र पाण्यात जाईल आणि मी परत येऊन धाकट्या पोरांबरोबर तिसऱ्या वर्षाला बसेन. हे अण्णांना चारदा सांगितलं. दर वेळी एकच, "नाव तर बरोबर हाय की." मामा, मला त्यांचा भयंकर राग येतो. आणि ते हात धुतल्याचं आठवलं की जास्त ओरडताही येत नाही, म्हणून आणखी राग येतो.

असो. बाकी सर्व क्षेम. थंडी कमी होतेय. मोठ्यांना नमस्कार.

तुमचा भाचा
आदिनाथ
(कागदोपत्री तुमचा दाजी)

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. अण्णा ती फ्रेम करायला मांडीवर कागद घेऊन एसटीनं कुठे गेले होते, हे मला आईकडून कळलंय. जामखेडला. तुमच्या दुकानात! मामा, तुम्ही भाच्याचं अख्खं वर्ष काचेमागे घातलंत, वरून सोनेरी पट्टी मारलीत आणि पाव्हण्यांकडून पैसे घेतले नाहीत, उलट चहाही पाजलात. एकदा वाचायचं तरी! तर आता निस्तरा. सोबत त्याच कागदाची रंगीत झेरॉक्स पाठवतोय (दिशाच्या मोबाईलमधल्या फोटोवरून काढली, तिला कशासाठी ते सांगितलं नाही). तिसगावला जा, आणि फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागतेय, बदलून देतो म्हणा. जामखेडला आणून आतला कागद काढा, झेरॉक्स घाला, पट्टी पुन्हा ठोका आणि मूळ कागद मला रजिस्टरनं पाठवा. पाठवताना माझं नाव आदिनाथ घालू नका. मिळणार नाही.

ता. क. २ : झेरॉक्समध्ये सोनेरी शिक्का काळपट आलाय. तेवढा तुमच्याकडच्या सोनेरी रंगानं रंगवा. अण्णांची नजर तिथंच असते.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार होतो तेवढ्यात आईचा फोन आला, म्हणून हे वाढवतोय. मोबाईल दुरुस्त झाला तरी ती हल्ली मला आदी म्हणत नाही. तिकडं तुझं कागदोपत्री हेच नाव, म्हणते. जानेवारीत उखाण्यात 'गहिनीनाथराव' होतं. फेब्रुवारीत नुसतं 'गहिनीनाथ' झालं. आता तर, गहिनीनाथ, येळेवर जेवत जा. गहिनीनाथ, लई शेफारलास तू. गहिनीनाथ, कुनाचं ऐकायचंच न्हाई का कधी? आणि हे सगळं अण्णा शेजारी बसलेले असताना, मोठ्यांदा. ते दचकतात, काही बोलू शकत नाहीत. मुलाशी बोलतेय ना ती.

आज तिला आपला बेत सांगितला, मामा फ्रेम नेणार, माझं नाव नीट होणार. ती हळूच म्हणाली, "व्हय, वरीस वाया जाया नको. कागद दे बदलून. पन तिकडची तुझ्या दारावरची पाटी हाय तशीच राहू दे की रं, तू येईस्तोवर." पाटी ठेवतो म्हणालो. मागून अण्णांचा आवाज आला, कुनाचा फोन हाय? आई म्हणाली, "गहिनीनाथचा. तुमी चहा घ्या."